स्वागताध्यक्षांचे भाषण



मिरज हे गाव सतार-तंबोऱ्याचे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेची वाट धरतात. श्वासमार्गाच्या दुर्बीण तपासणीवरील परिषद इथे भरते आहे, याचा आम्हा मिरजकरांना फार आनंद आहे.

या विद्येचा पहिला मोठा लाभार्थी एक शेतकरी होता. १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन यांनी त्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळीतून बाहेर काढला. पुढे १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण जगापुढे आणली. आज तिच्यामुळे कर्करोगाचे निदान होते, बेडका न पडणाऱ्या रुग्णाचा क्षयही सापडतो. त्यावर दोन दिवस भरपूर चर्चा होईलच.

मला बोलायचे आहे ते भुईमुगाच्या दाण्याबद्दल. दोन वर्षांचे पोर खेळता खेळता दाणे खाते, जोराचा ठसका लागतो, मग शांत होते. घरचे निर्धास्त होतात. दाणा मात्र आत असतो, बहुधा उजवीकडे, कारण ती नळी अधिक रुंद आणि सरळ. एक्स-रेत दाणा दिसत नाही. कधी कधी तर एक्स-रे अगदी नॉर्मल येतो. मग एका बाजूची घरघर ‘बाळदमा’ ठरते, औषधांच्या बाटल्या बदलतात आणि दाण्याभोवती सूज वाढत जाते. चिंचोका, सीताफळाची बी, शिट्टी यांचीही हीच कथा. माझ्या मते इथे यंत्राच्या आधी चुकतो तो प्रश्न: “ठसका लागला होता का?” हा प्रश्न आईला कुणी विचारतच नाही!

दाणा काढायला सरळ दुर्बीण, सरावलेला हात आणि लहान मुलांना भूल देण्यात मुरलेला भूलतज्ज्ञ, तिघेही लागतात. हे त्रिकूट मोठ्या शहरांपुरते राहिले, तर गावाकडच्या पोराचा जीव रस्त्यातच टांगणीला लागतो.

म्हणून ज्येष्ठ डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे: परत जाताना तालुक्याच्या ठिकाणचा एक तरुण डॉक्टर आपल्या हाताखाली शिकायला घ्या.