एकमेकांस शिकवू या : बारावीच्या रसायनशास्त्राच्या निमित्ताने
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून, त्यात कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्रावर आम्ही बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतील मुलांना हसू फुटले, ते आम्ही पाहिले आहे. हसणे रास्तच आहे. परंतु आम्ही येथे शिकवावयास आलेलो नाही. विहाराच्या मागच्या खोलीत रविवारी संध्याकाळी बारावीची मुले जमतात, त्या खोलीची किल्ली आमच्याकडे असते. मुले येईपर्यंत बसायचे आणि जाईपर्यंत ऐकायचे, एवढाच आमचा अधिकार. ऐकता ऐकता जे दिसले, ते सांगतो.

आपल्या वस्तीतील पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात. अकरावीला विज्ञान घेतले की बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत सारे इंग्रजीतून सुरू होते. कालपर्यंत द्रावण, द्राव्य, द्रावक असे तीन शब्द त्याच्या जिभेवर होते. आज सोल्यूशन, सोल्यूट, सॉल्व्हंट असे तीन सारखेच वाजणारे शब्द कानावर आदळतात. आम्लारी म्हणजेच बेस आणि क्षपण म्हणजेच रिडक्शन, हे सांगणारे घरात कोणी नसते. खासगी शिकवणीची फी परवडत नाही. मग मूल गप्प बसू लागते, आणि पहिल्या चाचणीनंतर म्हणते, "मला सायन्स झेपत नाही, मी शाखा बदलतो." कला शाखा कमी प्रतीची आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही, आम्ही स्वतः तिचेच. पण जे समजले असते ते केवळ शब्दांच्या अडचणीमुळे सोडून द्यावे, याचे वाईट वाटते.

या खोलीत मुलांनी पहिले काम केले ते वहीचे. एका बाजूस मराठी शब्द, समोर इंग्रजी, आणि तिसऱ्या रकान्यात आपल्या भाषेत एक उदाहरण. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांच्यापुढे एका मुलीने लिहिले होते : पहिलीत भागायचे द्रावणाच्या लिटरने, दुसरीत द्रावकाच्या किलोग्रॅमने, ऊन तापले की लिटर फुगते, किलो फुगत नाही. तापमान बदलले तर मोलॅरिटी बदलते आणि मोलॅलिटी का बदलत नाही, हे त्या एका ओळीत आम्हालासुद्धा कळले.

आता परीक्षेचे गणित पाहा. लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० गुणांचे. २०२० साली आलेल्या पुस्तकात १६ प्रकरणे आहेत. मुले आठ होती. त्यांनी प्रत्येकी दोन प्रकरणे वाटून घेतली आणि ज्याचे प्रकरण त्याने इतरांना समजावून द्यायचे असे ठरले. अशा वाटणीत एक खोट असते. ज्याने जे शिकवले तेवढेच त्याला पक्के येते, बाकीचे कानावरून जाते. म्हणून मुलांनी पुढे नियम केला की पुढच्या रविवारी तेच प्रकरण ज्याला ते सर्वांत कमी आले त्याने सांगायचे. खडू त्याच्याच हातात. ज्याला येते त्याने बाकावर बसून तोंडाने मदत करायची. आमच्या मते साऱ्या बैठकीतील शहाणपण या नियमात आहे. हुशार मुलाच्या हाती खडू गेला की तो भराभर लिहितो, बाकीचे माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर फळा पुसल्यासारखे सारे पुसले जाते.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. प्रश्न निघाला : ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू, म्हणजे पीएच, किती? सर्वांनी सांगितले, दोन. बरोबर. मग एकाने विचारले, आम्ल इतके विरल केले की त्याची तीव्रता दहाचा उणे आठवा घात झाली, तर? सात जण एका सुरात म्हणाले, आठ. कोपऱ्यात एक मुलगी बसलेली असे, ती फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "आठ म्हणजे आम्लारी झाले की. आम्लात कितीही पाणी ओतले तरी त्याचा साबण कसा होईल?" खोली शांत झाली. मग पुस्तके उघडली गेली. शुद्ध पाण्यातही हायड्रोजनचे आयन असतात, दहाचा उणे सातवा घात इतके. म्हणजे येथे आम्लापेक्षा पाण्याचाच वाटा मोठा, आणि तो धरावा लागतो. तो धरून उत्तर येते सुमारे ६.९८, सातच्या किंचित खाली. ती मुलगी त्या वेळी शाखा बदलण्याचा अर्ज लिहून आली होती, हे आम्हाला नंतर समजले. अर्ज तिने दिला नाही. गेल्या वर्षी ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसली.

या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचे कोष्टक चालते. कोष्टक वाचणे हा आमच्या पिढीचा प्रांत, म्हणून तेवढ्यापुरते मुलांनी आम्हास बाकावरून उठवले. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल काढताना सारे ०.६९३ हा आकडा मंत्रासारखा म्हणत. तो आला कोठून? निम्मे उरणे म्हणजे दोनाचे गुणोत्तर. दोनाचा लॉग ०.३०१०, त्यास २.३०३ ने गुणा. झाले ०.६९३. आकडा विसरला तरी आता तो परीक्षेच्या खोलीत पुन्हा काढता येतो. समीकरणे संतुलित करण्याचेही तसेच. बँकेत संध्याकाळी जमा आणि नावे जुळल्याशिवाय आम्हास घरी जाता येत नाही. तसे एका पदार्थाने जितके इलेक्ट्रॉन दिले तितकेच दुसऱ्याने घेतले पाहिजेत, एकाचीही तफावत चालत नाही.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेसाठी मुले एकमेकांस परीक्षक होऊन विचारतात. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतोस, मोहर सॉल्ट का तापवत नाहीस? पहिली अभिक्रिया थंडीत फार मंद चालते म्हणून तापवायचे. दुसरीत तापवले तर हवेनेच फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होईल म्हणून तापवायचे नाही. दर्शक का नको? पोटॅशियम परमँगनेटचा स्वतःचा गुलाबी रंगच टिकून राहतो म्हणून.

काही पालक आम्हास विचारतात, आमच्या मुलाने आपला वेळ दुसऱ्यांवर का घालवावा? स्पर्धेचे दिवस आहेत. प्रश्न गैर नाही. बोर्डाच्या परीक्षेत तर शेजाऱ्याचे गुण वाढल्याने आपले कमी होत नाहीत. सीईटीत पर्सेंटाइल असतो, तेथे तुलना खरीच आहे. पण लाखो मुलांच्या त्या रांगेत आपल्या गल्लीतील सात मुले पुढे गेल्याने कोणाचा असा काय तोटा होणार? उलट शिकवणाऱ्यालाच अधिक मिळते. रशियातील मेंडेलिव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पुस्तक लिहीत होता. मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने समजावून द्यावीत या विवंचनेतच १८६९ साली त्याची आवर्तसारणी तयार झाली. तीत त्याने जागा मोकळ्या सोडल्या होत्या, आणि १८७५ साली गॅलियम सापडून त्यातील एक भरली. दुसऱ्याला समजावताना आपल्या ज्ञानातील मोकळ्या जागा दिसतात, त्या एकट्याने वाचताना दिसत नाहीत.

यंदाची बैठक दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता सुरू होईल. मागील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटात आहे. लॉगचे कोष्टक ज्याचे त्याने आणावे. मुलींना उशीर झाल्यास घरापर्यंत सोडण्यासाठी महिला मंडळातील दोघी ताईंनी नावे दिली आहेत. आणि अकरावीची मुले मागे बसून ऐकणार असतील, तर त्यांनाही जागा आहे. सतरंज्या मात्र त्यांनीच घालाव्यात.