बादलीतला वाफसा



गेल्या महिन्यात मी माझ्या खोलीतल्या सहा बादल्यांचा फोटो टाकला होता. काळ्या बादल्या, वर लटकलेला एलईडी दिवा, खाली नळ्यांचं जाळं. अर्ध्या लोकांनी विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" उरलेल्यांनी इनबॉक्समध्ये डोळा मारत विचारलं, "ताई, 'ते' झाड पण येतं का यात?"

आधी त्याचंच उत्तर देऊन टाकते. ही बादल्यांची पद्धत इंटरनेटवर शोधली की निम्मे व्हिडिओ गांजा लावणाऱ्यांचेच सापडतात, हे खरं आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो कायदेशीर आहे, आणि तिथल्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे एका घरात चार झाडं लावता येतात. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. परवान्याशिवाय गांजाचं झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "एकच तर कुंडी आहे" अशी सूट त्यात नाही. त्यामुळे माझ्या बादल्यांत मिरची आणि टोमॅटो आहेत. आणि आजची गोष्ट त्यांच्या वाढण्याची कमी, मरण्याची जास्त आहे.

आधी ही भानगड चालते कशी ते सांगते. इंग्रजीत हिला 'एब अँड फ्लो' म्हणतात. आपला शब्द जास्त छान आहे: भरती-ओहोटी. खाली जमिनीवर ८० लिटरचा टब, त्यात खतपाणी. वर लोखंडी स्टँडवर सहा बादल्या, आणि त्यांच्या मध्ये एक रिकामी बादली. या मधल्या बादलीच्या तळातून प्रत्येक बादलीच्या तळाला एकेक नळी. टबातला पंप मधल्या बादलीत पाणी चढवतो. शाळेत शिकलेलं आठवतंय ना, जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येतं? तेच. सहाही बादल्या एकदम भरतात. ठरलेल्या उंचीवर एक जादा पाण्याचा पाइप आहे, त्यातून वरचं पाणी टबात परत पडतं. १५ मिनिटांनी टायमर पंप बंद करतो आणि सगळं पाणी त्याच वाटेने खाली उतरतं. ही ओहोटी.

बादलीत माती नाही. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या आहेत, सुपारीपेक्षा लहान. एका बादलीत १५ लिटर गोळ्या, आणि त्यांच्या फटींत साधारण ६-७ लिटर पाणी मावतं. म्हणजे एका भरतीला ४० लिटर लागतात. म्हणून टब ८० चा घेतला. पंप कधीच कोरडा पडता कामा नये.

सगळा खर्च बारा हजारांच्या आसपास झाला. नळी मात्र फुकट. गावाकडे गोठ्याच्या माळ्यावर ड्रिपची जुनी १६ मिलिमीटरची नळी पडली होती, ती आणली. ही नळी लक्षात ठेवा.

माझं गाव जुन्नर तालुक्यात. आबा टोमॅटो करतात, माल नारायणगावच्या बाजारात जातो. मी बादल्या मांडल्या तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि अगदी तोऱ्यात सांगितलं, "आबा, आता मातीची गरजच नाही. पाण्यातलं खत मीटरवर मोजायचं, पीएच ६ च्या आसपास ठेवायचा, दिवा १४ तास. सगळं टायमरवर." आबांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "वाफसा कसा कळणार तुला?"

मी हसले. म्हटलं, "आबा, माती नाही तर वाफसा कुठला?"

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. पाऊस पडून गेला किंवा पाणी दिलं की माती आधी चिखल असते. मग जादा पाणी खाली निघून जातं. माती ओलसर राहते, पण तिच्या फटींत हवा शिरते. मुठीत धरली तर गोळा होतो, खाली टाकला तर फुटतो. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. पेरणी, कोळपणी, सगळं वाफसा आल्यावर.

पहिले दोन महिने माझं सगळं झकास चाललं. दिवसाला चार भरत्या. मिरचीला फुलं लागली, चौथ्या बादलीतला टोमॅटो तर माझ्या खांद्याला आला. रोज फोटो, रोज स्टोरी.

मग एप्रिल आला. खोली दुपारी ३४ अंशांवर. एक दिवस ऑफिसमधून आले तर चौथ्या बादलीतला टोमॅटो मान टाकून उभा. पानं लोंबकळलेली. माझं डोकं सरळ चाललं: ऊन वाढलं, झाडाला तहान लागली. टायमर चारवरून सहा भरत्यांवर नेला. दुसऱ्या दिवशी झाड अजून मलूल. मी आठ केल्या. तिसऱ्या दिवशी पाचवी बादलीही मान टाकू लागली. मीटर बघितला, पीएच बघितला, दोन्ही ठीक. रात्री दहा वाजता रडवेली होऊन आबांना फोन लावला.

त्यांनी झाड दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, "पाणी बंद कर."

"आबा, सुकतंय ते! पाणी कसं बंद करू?"

"सुकत नाय, गुदमरतंय. वाफसाच येऊ देत नाहीस तू. बादलीत हात घाल."

मी गोळ्या बाजूला करून हात घातला. चार बोटांवर पाणी. पंप बंद होऊन तास झाला होता, ओहोटी कधीच संपायला हवी होती, आणि बादली अर्ध्याहून जास्त भरलेली. उपसून बघितली. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी, बुळबुळीत, गटारासारखा वास. नळीचं तोंड सोडवलं तर आतून मुळांची वेणीच बाहेर आली. फुकटची १६ मिलिमीटरची नळी! पाणी आत येताना मुळं मागे ढकलली जायची, त्यामुळे बादली भरायची. पाणी परत जाताना तीच मुळं नळीत ओढली जाऊन बूच बसायचं. आणि मी भरत्या वाढवून उरलेसुरले निथळायचे तासही काढून घेतले होते.

आता यातलं विज्ञान, कारण मला तेव्हाच ते पहिल्यांदा नीट कळलं. मुळं श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन मुळं संपवतात आणि मग त्यांची पाणी ओढायची ताकदच जाते. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. वर पान बघणाऱ्याला वाटतं, पाणी कमी पडलं.

भरतीचं काम म्हणजे खतपाणी पोचवणं आणि फटींतली शिळी हवा बाहेर ढकलणं. पण ताजी हवा आत ओढली जाते ती ओहोटीत. मी दोन महिने फक्त भरतीकडे बघत होते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला थोडं जड जातंय.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाला. आबांचा एक एकर टोमॅटो होता, बांबू-तारा बांधून झालेल्या, पहिला तोडा आठवड्यावर. काळी जमीन, तीन दिवस सऱ्यांमधून पाणी हललं नाही. मी शनिवारी गावी गेले तेव्हा अख्ख्या रानानं मान टाकली होती. आणि मी, चार लोकांसमोर, काकाही होते तिथे, आबांना म्हणाले होते, "पाण्यात उभी आहेत तरी सुकली? तुमचं काहीतरी औषध चुकलं असेल. मोजून टाकत जा ना."

आबा काही बोलले नव्हते. चिखलात उतरून फावड्यानं चर काढत राहिले. तेव्हा मला वाटलं होतं, आता काय उपयोग. खरं तर ते मुळांना श्वास मिळावा म्हणून वाट काढत होते.

त्या रात्री बाथरूममध्ये कुजलेली मुळं धुताना मला तो चर आठवला.

चौथी आणि पाचवी बादली गेली. उरलेल्या चार वाचवल्या. काय काय केलं, तेही सांगते, कुणी करणार असेल तर कामी येईल. नळ्या बदलून २५ मिलिमीटरच्या टाकल्या आणि प्रत्येक बादलीच्या तळातल्या तोंडावर जाळी बसवली. भरत्या तीनवर आणल्या, तिन्ही दिवा चालू असताना. पाणी गोळ्यांच्या वरच्या थरापर्यंत चढू द्यायचं नाही, दोन बोटं खालीच थांबवायचं, म्हणजे वर शेवाळ धरत नाही. दुपारी टबात बर्फाची बाटली, पाणी २४-२५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि दर रविवारी प्रत्येक बादलीत ओहोटीनंतर हात घालून बघायचं. अजून एक: लाइट गेली तर लगेच घाबरू नका. गोळ्या ओल्या असतात, मुळांना हवाही असते, काही तास झाड निभावतं. अडकलेलं पाणी मात्र तेवढा वेळ देत नाही.

आणि पान सुकलेलं दिसलं की आधी खाली बघा, मगच पाणी वाढवा.

मे महिन्यात मिरची निघाली. पहिला तोडा पाऊण किलोसुद्धा नव्हता. तो घेऊन गावी गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "आबा, त्या ऑक्टोबरमध्ये मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले होते, औषध चुकलं म्हणून. ते चुकलंच माझं. मला कळत नव्हतं."

आबांनी एक मिरची उचलली, देठ मोडला, वास घेतला. म्हणाले, "बरं. तिखट आहे का नुसतीच दिसायला?"

मग आईला हाक मारली, "अगं, भाकरी टाक, पोरीची मिरची आलीय."

तिखट होती, मंडळी. चांगलीच.

तुमच्या घरी कुणी शेती करत असेल, तर आज फोन करून फक्त एवढं विचारा: वाफसा आला का? मग ते काय काय सांगतात ते ऐका, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.