कोठार वाढवितांना

पूर्वीं घरांत धान्याची कणगी असे. ती भरली कीं दुसरी आणावी, एवढाच तो प्रश्न होता. आजच्या सुशिक्षित घरांत आणखी एक कोठार आलें आहे. राउटरच्या शेजारीं, फडताळाच्या कोपऱ्यांत, मंद गुणगुणत राहणारी एक लहानशी पेटी असते. तिच्यांत दोन हार्ड डिस्क असतात, आणि घरांतल्या प्रत्येकाच्या फोनमधलीं व संगणकांतलीं छायाचित्रें, कागदपत्रें आणि ध्वनिमुद्रणें तिच्यांत येऊन पडतात. कोणी तिला नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात, कोणी नॅस म्हणतात. आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेली ही पेटी एके दिवशीं जागा संपत आल्याची सूचना देऊं लागते. अशा वेळीं गृहस्थानें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय वरवर पाहतां यंत्राचा वाटेल. परंतु त्या पेटींत काय असतें याचा क्षणभर विचार करावा. मुलाच्या बारशाचीं छायाचित्रें असतात, वडिलांच्या साठीशांतीचें चित्रण असतें. एखाद्या घरीं आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्याही असतात. ती आजी आतां नसेल, आणि त्या ओव्या घरांत दुसऱ्या कोणास येत नसतील. डिस्क बाजारांत पुन्हा मिळते. ओव्या मिळत नाहींत. म्हणून ह्या कामांत जागा वाढविण्याइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे तें न गमावण्यास आहे.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. चकत्यांवर माहिती साठविणारें पहिलें यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आजच्या फोननें काढलेलीं एक-दोन छायाचित्रें त्यावर कशींबशीं राहिलीं असतीं. पुढें १९८८ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महाग डिस्कऐवजीं पुष्कळ स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, आणि त्यांतली एक बिघडली तरी काम अडूं नये, अशी मांडणी त्यांनीं केली. तीच 'रेड' पद्धति होय. घरगुती पेटींत बहुधा तिचा पहिला प्रकार असतो. दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर लिहिला जातो. एक डिस्क दुसरीचा आरसा असते. म्हणूनच २ टेराबाइटच्या दोन डिस्क असूनही जागा २ टेराबाइटचीच मिळते. तीही पुरी दिसत नाहीं, कारण कारखानदार हजाराच्या पटींनीं मोजतो आणि संगणक पुष्कळदां १,०२४ च्या पटींनीं मोजतो. २ टेराबाइटची डिस्क सुमारें १.८ दिसते, ८ ची सुमारें ७.३ दिसते. त्यांत फसवणूक नाहीं.

आतां एक सार्वत्रिक गैरसमज सांगितला पाहिजे. दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आरशापुढला माणूस उठून गेला कीं आरशांतलाही जातो. घरांतल्या कोणी चुकून छायाचित्रांचा एक गट पुसला, तर तो त्याच क्षणीं दोन्ही डिस्कांवरून पुसला जातो. पेटी चोरीस गेली किंवा विजेच्या लोळानें जळाली, तर दोन्ही एकदम जातात. आरसा हा डिस्क बिघडल्यावर उपयोगी पडतो. बाकीच्या संकटांवर स्वतंत्र प्रत हाच उपाय आहे. तेव्हां जागा वाढविण्याच्या कामाचा आरंभ नव्या डिस्कनें न करतां, सर्व मजकुराची एक प्रत बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घेऊन करावा. ती प्रत उघडून, पांच-दहा फायली निरनिराळ्या ठिकाणच्या वाचून पाहाव्या. तहान लागल्यावर विहीर खणूं म्हटल्यास ती येथें मुळींच खणतां येत नाहीं.

दुसरा प्रश्न असा कीं, ह्या जुन्या पेटींत पैसा घालावा काय? निर्माता तिच्यासाठीं सुरक्षिततेच्या सुधारणा अजून पाठवितो कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. जून २०२१ मध्यें वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'माय बुक लाइव्ह' नांवाच्या पेट्या इंटरनेटवरून कोणी परभारें कोऱ्या केल्या, आणि पुष्कळ कुटुंबांचा वर्षांचा संग्रह एका रात्रींत गेला. त्या पेट्यांसाठीं शेवटची सुधारणा २०१५ सालीं निघाली होती. परदेशीं असलेल्या मुलांना घरचीं छायाचित्रें पाहतां यावीं म्हणून आपण पेटीचा दरवाजा बाहेरच्या जगाला उघडतों. त्या दरवाजाचें कुलूप जुनें झालें असल्यास आंत कितीही मोठी डिस्क बसविली तरी व्यर्थ. सुधारणा बंद झाल्या असतील तर नवी पेटी घ्यावी. निदान जुनीचा बाहेरचा मार्ग तरी बंद करावा.

पेटी ठेवावयाची ठरल्यास तिला किती मोठी डिस्क मानवते तें निर्मात्याच्या यादींत पाहावें. कित्येक जुन्या पेट्यांना १६ टेराबाइटहून मोठा एक सलग विभाग करतां येत नाहीं. डिस्कची जातही पाहावी. कांहीं डिस्कांवर लिखाणाच्या रेषा मंगलोरी कौलांप्रमाणें एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. अशानें थोड्या जागेंत अधिक मजकूर मावतो. परंतु मधलें एक कौल बदलावयाचें तर शेजारचीं हलवावीं लागतात, तसेंच येथें होतें, आणि सलग लिखाण चाललें कीं अशी डिस्क फार मंदावते. नॅससाठीं म्हणूनच विकल्या जाणाऱ्या कांहीं डिस्क ह्या जातीच्या असल्याचें २०२० सालीं उघड झालें, तेव्हां पुष्कळ ग्राहकांस ही गोष्ट प्रथम कळली. म्हणून विकत घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

आतां प्रत्यक्ष कृति. एका वेळीं एकच डिस्क काढावी. दोन्हींपैकीं एक कुरकुरत असेल तर तीच प्रथम काढावी, आणि अनुक्रमांक जुळवून मगच हात घालावा. नवी डिस्क बसवितांच पेटी जुनीवरचा मजकूर तिच्यावर उतरवूं लागते. सेकंदास १०० मेगाबाइट वेग धरला तर २ टेराबाइटला २०,००० सेकंद, म्हणजे साडेपांच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. जुन्या पेटींत याच्या दुप्पट-तिप्पट लागला तरी घाबरूं नये.

ह्याच तासांत खरा धोका असतो. आरसा ह्या काळापुरता निघालेला असतो, आणि उरलेली एकच म्हातारी डिस्क पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत वाचली जात असते. दोन्ही डिस्क एकाच दिवशीं घेतलेल्या, तितकेच तास चाललेल्या. एकीचें वय तेंच दुसरीचें. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावयाचा तो नेमका अशा वेळीं. पहिली प्रत आधीं घ्यावयास सांगितलें तें याचसाठीं. त्याचबरोबर पेटी यू. पी. एस. वर ठेवावी, आणि पावसाळ्यांत वीज जातयेत असेल तर हें काम कोरड्या दिवसावर टाकावें.

पहिली डिस्क पुरी झाल्याची सूचना आली कीं मगच दुसरी बदलावी. दोन्ही बदलून झाल्यावरही जागा जुनीच दिसेल. सेटिंग्जमध्यें जाऊन विभाग वाढवावा लागतो. ही सोय नसलेल्या पेटींत नव्या डिस्कांवर सारी मांडणी नव्यानें करून बाहेरच्या प्रतीवरून मजकूर परत भरावा. काढलेल्या जुन्या डिस्क लगेच पुसूं नयेत. त्यांवर नांव व तारीख लिहून दोन-तीन महिने कपाटांत ठेवाव्या. पुढें त्या अजून धडधाकट असल्यास एकीवर निवडक मजकुराची प्रत घेऊन ती बहिणीच्या किंवा भावाच्या घरीं ठेवावी, म्हणजे एका घरावर आपत्ति आली तरी ओव्या दुसऱ्या घरीं राहतात.

शेवटीं एक सूचना. नवी जागा मिळाली म्हणजे ती भरण्याची घाई होते. त्यापूर्वीं एखादा रविवार काढून घरांतल्या वडील मंडळींना शेजारीं बसवावें, आणि कोणत्या छायाचित्रांत कोण आहे, गांव कोणतें, साल कोणतें, हें त्यांच्याकडून विचारून फायलींच्या नांवांत लिहून ठेवावें. ती माहिती अजून कोणत्याही डिस्कवर आलेली नाहीं, आणि तिची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.