घरचा संगणक आणि दुकानाचा हिशेब

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा आणि बिबवेवाडीला किंवा सॅलिसबरी पार्कला घर, अशी बरीच व्यापारी कुटुंबं पुण्यात आहेत. त्यांच्या घरचा संगणक नुसता घरचा नसतो. दुपारी मुलं त्यावर अभ्यास करतात आणि रात्री त्याच यंत्रावर टॅली उघडलं जातं, जीएसटीचं विवरण भरलं जातं, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचा मेळ घातला जातो. आज मी बोलणार आहे ते या संगणकाबद्दल. त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलावी की आहे तीच चालू ठेवावी?

हा प्रश्न आत्ताच का आला, ते आधी सांगतो. जुलै 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ची नियमित सेवा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. दिवाळी तेव्हा तोंडावर आली होती आणि यार्डात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पडद्यावर आलेली सूचना ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडली असेल, तर नवल नाही. त्यानंतरही संगणक सुरू होतो, छपाई होते, काम अडत नाही. मग बदलायचं कशाला, असं कुणीही विचारेल.

बदलायचं ते सुरक्षिततेसाठी. प्रत्येक प्रणालीत काही फटी राहून गेलेल्या असतात. त्या सापडतील तशा कंपनी दर महिन्याला दुरुस्त्या पाठवते. सेवा थांबली की या दुरुस्त्या येणं बंद होतं, पण फटी शोधणारे थांबत नाहीत. मे 2017 मधला वॉनाक्रायचा हल्ला आठवून पाहा. जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, ते वाचले.

आपल्या यंत्रावर हिशेब असतो तो अनेकांचा. माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, बँक खातं, त्याच्या मालाचं वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं तिथे असतं. पुरंदर-जुन्नरचा शेतकरी आपल्या भरवशावर माल धाडतो. त्याची माहिती जपणं हा धंद्याच्या सचोटीचाच भाग आहे. म्हणून ‘चालतंय तोवर चालवू’ हे उत्तर मला मान्य नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं? पहिलं काम, सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. टॅलीचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

दुसरं काम, यंत्राची पात्रता तपासा. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते. प्रोसेसरचा आकडाही पाहा. आय-फाइव्ह 8400 मधला पहिला 8 म्हणजे आठवी पिढी, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. 7400 असेल तर तो सातव्या पिढीचा, तो बसत नाही. टीपीएम यंत्रात असून नुसतं बंद ठेवलेलं असतं, असंही पुष्कळदा आढळतं. जाणकाराकडून ते सुरू करून घ्या. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्रॅम ही सगळी तपासणी करून देतो.

तिसरं काम, जोडलेल्या वस्तू पाहा. कार्बन प्रतीच्या पट्ट्या छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या प्रणालीवर चालेल का, हे विक्रेत्याला आधी विचारा. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली पत्रं असतील, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर तिथे निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. ती पत्रं युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

यंत्र पात्र असेल तर विंडोज 11 घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अस्सल विंडोज 10 वरून ते मोफत मिळतं, आणि काही बिनसलं तर दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीवर परतता येतं. मात्र मार्चअखेर आणि दिवाळी टाळा. आपल्या विभागाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी हे काम हाती घ्या.

यंत्र पात्र नसेल तर तीन वाटा आहेत. विंडोज 10 च्या वाढीव सुरक्षा-सेवेत नाव नोंदवता येतं. त्या सेवेची जाहीर झालेली मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे, म्हणजे ही उसंत आहे, कायमचा उपाय नव्हे. दुसरी वाट लिनक्सची. उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत मिळतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही भारतीय भाषांसाठी बॉस नावाचं लिनक्स तयार केलं आहे. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, इंटरनेट यांना ते पुरतं. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेलं आहे, त्यामुळे हिशेबाच्या यंत्रावर ही वाट सोयीची नाही. तिसरी वाट म्हणजे हिशेबासाठी नवं यंत्र घेणं आणि जुनं लिनक्स घालून मुलांना देणं. ज्यांना परवडेल त्यांना मी हाच सल्ला देईन.

एक वाट मात्र धरू नका. अपात्र यंत्रावर पळवाटेने विंडोज 11 घालून देतो, असं सांगणारे भेटतील. अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चोरीच्या प्रतीचं तर नावच काढू नका.

श्रोतेहो, कोणती प्रणाली घ्यायची हे घरात बसून ठरवा, चार दिवस विचार करा. पण हिशेबाची प्रत आज रात्रीच काढा, आणि ज्या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत त्यावरून बँकेचा एकही व्यवहार करू नका.