शस्त्रक्रियेपूर्वीचा पंधरवडा
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आरोग्यविषयक व्याख्यान म्हटले की वक्त्याने दीर्घायुष्याचे नियम सांगावेत, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. परंतु आज मी आपला तास मागून घेतला आहे तो फार अल्प मुदतीच्या एका पथ्यासाठी. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय ज्याने पुष्कळ विचाराअंती घेतला आहे, अशा माणसाला शस्त्रक्रियेपूर्वी साधारणतः दोन आठवडे अत्यंत कडक आहारावर राहावे लागते. या पंधरवड्याचे भय पुष्कळांना प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या भयापेक्षाही अधिक वाटते, आणि त्या भयाविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलण्याचा शिरस्ता अद्याप पडलेला नाही.

या माणसाची मनःस्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वर्षानुवर्षे त्याने नाना प्रकारची पथ्ये केलेली असतात, उतरवलेले वजन परत चढलेले पाहिलेले असते, नातलगांची आणि परक्यांची बोलणी ऐकलेली असतात. विमा कंपनीच्या दप्तरी अर्ज, दाखले आणि तपासण्यांचे अहवाल दाखल करून कशीबशी मंजुरी मिळवलेली असते. आणि शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर झाल्यावर आहारतज्ज्ञ त्याच्या हाती एक कागद ठेवतात, ज्यावर दिवसाकाठी ८०० ते १००० उष्मांकांचा, बहुतांशी पातळ पदार्थांचा आहार लिहिलेला असतो. तो कागद वाचताच त्याच्या मनात, आणि पुष्कळदा त्याच्या घरच्यांच्या तोंडी, एकच प्रश्न येतो : हे जमत असते, तर शस्त्रक्रियेची वेळ का आली असती? हा प्रश्न प्रामाणिक आहे. आणि त्याचे उत्तर नीट समजले तर पंधरवड्याचा निम्मा भार हलका होतो, अशी माझी श्रद्धा आहे.

या उत्तराचा आरंभ मनापासून नव्हे, यकृतापासून करावा लागतो. जठराचा वरचा भाग आणि अन्ननलिका जेथे जठराला मिळते ती जागा, या दोहोंवर यकृताचा डावा खंड आडवा पसरलेला असतो. आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाला नेमके त्याच जागी काम करायचे असल्यामुळे, हा खंड एका वक्र उपकरणाने उचलून धरल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्थूल व्यक्तींपैकी बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असे यकृत मोठे, जड आणि ठिसूळ झालेले असते, उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित दुर्बिणीचा मार्ग सोडून पोट उघडण्याचीही पाळी येते. आपल्या लोकांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. कारण बाह्यतः सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही युरोपीय शरीराच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनाने जगापुढे मांडले आहे.

यकृतात चरबीखेरीज आणखी एक साठा असतो, तो ग्लायकोजेनचा. भात, पोळी, साखर यांतून आलेली शर्करा शरीर या रूपाने यकृतात ठेवते. हा साठा सुमारे १०० ग्रॅम असून त्यातील प्रत्येक ग्रॅमाबरोबर जवळजवळ तिप्पट वजनाचे पाणी बांधलेले असते. भिजलेली गोधडी वाळल्यावर जशी एका हाताने उचलता येते, तसेच पिष्टमय पदार्थ बंद केल्यावर यकृताचे होते : प्रथम ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे पाणी निघून जाते, आणि पाठोपाठ यकृतातील चरबी इंधन म्हणून खर्ची पडू लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ३२ रुग्णांना १२ आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवून त्यांच्या यकृताचे वेळोवेळी चित्रण केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, यकृताच्या आकारात जी एकंदर घट झाली, तिच्यापैकी सुमारे ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. पंधरवड्याची मुदत कोणाच्या मर्जीने ठरलेली नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. पुढे २०११ साली २९८ रुग्णांवरील एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे पथ्य केलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया शल्यविशारदांना तुलनेने सुकर वाटली, आणि पुढील ३० दिवसांतील गुंतागुंतही त्या गटात कमी आढळली.

तेव्हा हे दोन आठवडे म्हणजे रुग्णाच्या निग्रहाची परीक्षा नव्हे, पूर्वीच्या खाण्याचे प्रायश्चित्त तर मुळीच नव्हे. ते शस्त्रक्रियेचेच पहिले अंग आहे, आणि एवढे एकच अंग असे आहे की जे शल्यविशारदाला करता येत नाही, रुग्णालाच करावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पंधरवडाभर जमले, तर कायमचे का जमू नये? कारण शरीर वजन उतरू लागताच त्याचा प्रतिकार करू लागते. मेलबर्न येथील संशोधकांनी अशाच अल्पाहाराने वजन उतरवलेल्या व्यक्तींची वर्षभराने पुन्हा तपासणी केली, तेव्हा भूक वाढवणाऱ्या आणि तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांत झालेला फेरफार तसाच कायम असल्याचे, आणि भूकही पूर्वीपेक्षा अधिक असल्याचे आढळले. ठरलेल्या तारखेपर्यंत भुकेशी सामना देणे आणि जन्मभर तिच्याशी झुंजणे, या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी बनवण्याची जी शस्त्रक्रिया आज सर्वाधिक प्रचारात आहे, तिच्यात जो भाग काढला जातो, त्याच भागात भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते. म्हणजे जो प्रतिकार पथ्याला मोडता येत नाही, तो सौम्य करण्याचे कार्य शस्त्रक्रिया करते. म्हणून, ज्याला पंधरवडा जमला त्याला शस्त्रक्रियेची गरज नव्हती, हे म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि न्यायालाही धरून नाही.

मनाच्या अवस्थेविषयीही इतिहासात एक बोलका दाखला आहे. १९४४-४५ साली, महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचे परिणाम नोंदवले. सैन्यात शस्त्र धरण्यास तत्त्वासाठी नकार देणारे हे तरुण निश्चयाने दुबळे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरेना, ते पाककृतींची पुस्तके वाचीत बसत, पुढ्यातले अन्न तासन्‌तास पुरवीत, क्षुल्लक कारणावरून चिडत आणि उदास होत. आमच्या रुग्णांचे पथ्य त्या प्रयोगाहून पुष्कळ वेगळे असते. मुदत अल्प, प्रथिनांची तरतूद पुरेशी आणि देखरेख वैद्यकीय. तथापि पथ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या गृहिणीला शेजारच्या फोडणीच्या वासाने रडू कोसळते, तिला मी एवढेच सांगेन की हा आपल्या शीलातील दोष नसून भुकेल्या शरीराचा धर्म आहे.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. डोके दुखते, थकवा येतो, थंडी वाजते, तोंडाला वास येतो, मलावरोध होतो. ग्लायकोजेन संपत आल्यावर शरीर चरबीपासून कीटोन तयार करून त्यावर चालू लागते, आणि पुष्कळांच्या भुकेची धार तेथून बोथट होते. म्हणून पथ्याचा आरंभ कामाच्या धबडग्यात किंवा घरच्या कार्याच्या दिवशी करू नये. पाणी भरपूर प्यावे. आणि ठरलेल्या वेळी ठरलेला पेला, भूक लागण्याची वाट न पाहता, घ्यावा. आरंभाच्या आदल्या रात्री निरोपाची मेजवानी झोडण्याचा मोह अनेकांना होतो. तिने पुढचे दोन दिवस अधिक जड जातात, एवढेच तिचे फळ.

आपल्या स्वयंपाकघरात या पथ्यासंबंधी दोन समजुती खोलवर रुजलेल्या आहेत. पहिली अशी की, जे पातळ ते पथ्याचे. वरणाचे पाणी, तांदळाची पेज, शहाळे, फळांचा रस हे सारे आजाऱ्याला आपण मायेने देतो. परंतु त्यांत प्रथिने अत्यल्प आणि पिष्ट किंवा साखरच अधिक, म्हणजे यकृताचा जो साठा रिता करायचा तोच भरणारी. दुसरी समजूत उपवासाची. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनीच केली आहे. साबुदाणा, वरी, बटाटा, रताळे यांवर काढलेला दिवस धर्माच्या हिशेबात उपवास ठरेल, यकृताच्या हिशेबात ठरणार नाही. आहारतज्ज्ञांनी नेमून दिलेली प्रथिनांची पूड, साय काढलेले दूध, पातळ ताक, चालत असल्यास अंड्याचा पांढरा भाग किंवा निवळ सूप, अशा पदार्थांवर भर असतो तो स्नायूंची झीज होऊ नये म्हणून. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत हलक्या प्रतीच्या द्रवरूप प्रथिनांवर वजन उतरवण्याची लाट आली होती, आणि तिच्यात हृदयाचे ठोके बिघडून अनेकांचे प्राण गेले. दुसऱ्याच्या पथ्याचा कागद पाहून, किंवा स्वतःच्याच बुद्धीने अधिक कडक करून, हे पथ्य कधीही करू नये.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना तर मी आग्रहपूर्वक विनवीन की, पथ्याच्या पहिल्या दिवसापूर्वी आपल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. खाणे निम्म्यावर आले आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत राहिल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ज्यांच्या नावाचा शेवट ‘फ्लोझिन’ असा होतो, त्या गोळ्यांनी अशा आहारात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो, म्हणून त्या केव्हा थांबवायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. सतत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी जाणवली, तर पथ्याचा त्रास म्हणून सोसत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

परंतु माझ्या मते या पंधरवड्याचे यशापयश औषधांइतकेच घरावर अवलंबून असते. आपल्या संस्कृतीत अन्न नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. पंगतीतला आग्रह, नैवेद्याचा घास, पाहुण्यापुढची बशी, यांना नाही म्हणताना रुग्णाला अपराधी वाटते. आणि रुग्ण जर घरची गृहिणी असेल, तर तिची कुचंबणा दुहेरी असते : स्वतः ताकाच्या पेल्यावर राहून तिने सर्वांच्या पोळ्या लाटायच्या, भाजीचे मीठ चाखून पाहायचे, मुलांच्या ताटात उरलेला घास टाकवत नाही म्हणून स्वतःच्या तोंडात घालायचा! शस्त्रक्रियेनंतर तिला विश्रांती द्यावी हे आपल्याला पटते. तीच तजवीज पंधरवडाभर आधी करावी, हे पटायला काय हरकत आहे? या मुदतीपुरता स्वयंपाकाचा कारभार दुसऱ्या कोणी पाहावा, किंवा डब्याचा बंदोबस्त करावा. आणि सर्वांची जेवणाची वेळ असेल तेव्हा तिला घराबाहेर सावकाश फिरून येण्याची मोकळीक असावी.

एखादे दिवशी पथ्य मोडले, तर? तर ते आहारतज्ज्ञांना जसेच्या तसे सांगावे, आणि पुढचा पेला ठरल्या वेळी घ्यावा. मोडलेले पथ्य लपवण्यापायी उरलेलेही सोडून देणे, हाच खरा तोटा. रुग्णाला खरे सांगता येईल, अशी वागणूक ठेवणे ही मात्र आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांची जबाबदारी आहे. ज्याने आयुष्यभर वजनाच्या काट्यावर मान खाली घातली, त्याला आम्हीही दटावले, तर तो खोटेच सांगेल आणि त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजावी लागेल. त्याचप्रमाणे, यकृतासाठीचा हा पंधरवडा आणि विम्याच्या मंजुरीसाठी महिनोन्‌महिने वजन उतरवून दाखवण्याची अट, यांत गल्लत होऊ देऊ नये. पहिल्याला शास्त्राचा आधार आहे, तर दुसरीला तसा आधार नसून तिने उपचार केवळ लांबतात, असे अमेरिकेतील या विषयाच्या शल्यविशारदांच्या संस्थेनेच जाहीरपणे म्हटले आहे.

श्रोतेहो, आपणांपैकी फार थोड्यांवर ही शस्त्रक्रिया करून घेण्याची वेळ येईल. परंतु ज्याच्यावर ती आली आहे, असा कोणी तरी आपल्या घरात, शेजारी किंवा कचेरीत आज ना उद्या असेलच. त्याला ‘इतके दिवस का नाही जमले’ असे विचारू नका, वजन किती उतरले हेही विचारू नका, आणि ‘एका घासाने काय होते’ असे तर चुकूनही म्हणू नका. या पंधरवड्यात तुझे कोणते काम मी अंगावर घेऊ, एवढेच त्याला विचारा, आणि ते काम मुदत संपेपर्यंत करा. तसे एका जरी घरात घडले, तरी आपण मला दिलेल्या या तासाचे सार्थक झाले, असे मी मानीन.