मोठ्या संस्थेची पदवी आणि चाळिशीतला पगार



बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड हे १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेले शेतीचे गाव. आज तेथील संगणक कंपन्यांत मराठी शाळांतून गेलेली मुलेही काम करतात. एकाच कचेरीतल्या दोघांच्या पगारांत चाळिशीपर्यंत मोठे अंतर पडते. पुढे गेलेला आयआयटीचा असला, तर श्रेय संस्थेला देऊन लोक मोकळे होतात.

हे श्रेय तपासून पाहावे असे आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही ज्यांनी कमी नावाजलेले महाविद्यालय पत्करले, त्यांची पुढील मिळकत नामांकित ठिकाणी शिकलेल्यांच्या जवळपास बरोबरीची आढळली. म्हणजे बुद्धी आणि जिद्द संस्थेने घडवली त्यापेक्षा निवडून घेतली अधिक. अर्थात अमेरिकेचा हिशेब येथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे कित्येक कंपन्या ठरावीक संस्थांच्याच दारी भरतीसाठी जातात.

त्या अभ्यासात एक अपवाद होता, आणि तोच या शाळेच्या पालकांच्या कामाचा आहे. बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांना नामांकित संस्थेचा खरोखर लाभ झाला. सधन घरात नोकरीधंद्यातल्या खाचाखोचा जेवताना कानांवर पडतात. पगार किती मागावा, नोकरी केव्हा बदलावी, वरिष्ठाशी कसे बोलावे, हे ज्याच्या घरी कोणालाच ठाऊक नसते, त्याला ते वसतिगृहातले सोबती सांगतात. दहा-पंधरा वर्षांनी हेच सोबती निरनिराळ्या कंपन्यांत अधिकारपदांवर असतात.

अशी सोबत मिळण्याचे ठिकाण मात्र महाविद्यालय हे एकच नव्हे. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन करणारे एकत्र आले ते पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधील नोकरीमुळे. नंदन निलेकणी मुंबई आयआयटीचे, तर शिबुलाल केरळ विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेले. १९८३ साली कंपनी बंगळूरला गेली.

म्हणून मुलाला आयआयटी मिळाली, तर पालकांनी अवश्य पाठवावे. मिळाली नाही, तर केवळ नावासाठी घर गहाण टाकून महागडी पदवी विकत घेऊ नये. आणि हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांची नोंदवही होईल तेव्हा तीत हुद्द्याशेजारी आणखी एक रकाना असावा: दहावी-बारावीच्या मुलाने रविवारी किती वाजता फोन केलेला चालेल?