अणुकेंद्रकाची ओळख : आयोडीनच्या निमित्ताने

(स्नेहमेळाव्यात शाळेच्या सध्याच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितले होते. मी विषय बदलून मागितला. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आमच्या पिढीच्या घरांत आता स्कॅन, किरणोपचार, रेडिएशन हे शब्द रोजचे झाले आहेत. ते कळायला लागणारे विज्ञान आम्हाला याच इमारतीत शिकवले गेले. म्हणून आज अणूबद्दल बोलते.

अणूची रचना तुम्हाला पाठ आहे. मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. पण पुस्तकातल्या आकृतीत एक गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे रिकामेपण. आपल्या मैदानाच्या मधोमध मोहरीचा दाणा ठेवला आणि तो केंद्रक मानला, तर अणूची कड साधारण शंभर मीटरवर, म्हणजे कुंपणाच्याही पलीकडे जाईल. तरीही अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्या मोहरीत असते. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये हे मांडले. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक कण सरळ पार गेले आणि हजारोंतला एखादा उलटा फिरला. एवढा मार देणारी वस्तू आत कुठेतरी अगदी छोट्या जागेत एकवटलेली असणार, हे त्यावरून त्यांनी ओळखले. न्यूट्रॉन सापडायला मात्र १९३२ उजाडले. तो जेम्स चॅडविक यांनी शोधला.

आता एक वाक्य वहीत लिहून घ्या. पदार्थ रसायन म्हणून कसा वागेल ते इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि तो किरणोत्सारी आहे की नाही ते केंद्रक ठरवते. ही दोन वेगळी खाती आहेत.

उदाहरण म्हणून आपल्या स्वयंपाकघरातले आयोडीन घेऊ. मिठात असते ते आयोडीन-१२७. त्याच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात. त्याचे एक भावंड आहे, आयोडीन-१३१. प्रोटॉन तेवढेच ५३, न्यूट्रॉन मात्र ७८. यांनाच आपण समस्थानिके म्हणतो. इलेक्ट्रॉन दोघांचेही ५३, त्यामुळे आपल्या गळ्यातल्या थायरॉईडला, म्हणजे पुस्तकातल्या अवटू ग्रंथीला, दोघांत फरक कळत नाही. ती दोन्ही सारख्याच ओढीने शोषून घेते.

फरक आहे तो केंद्रकात. प्रोटॉन सगळे धनप्रभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. त्यांना धरून ठेवणारे बल अगदी जवळच्या अंतरावरच काम करते. न्यूट्रॉन या ओढाताणीत तोल सांभाळतात, पण त्यांची संख्याही प्रमाणात असावी लागते. आयोडीन-१३१ मध्ये ते जास्त झाले आहेत. मग एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हा बीटा कण. प्रोटॉन आता ५४ झाले, म्हणजे ते आयोडीन उरलेच नाही, झेनॉन झाले. उरलेली जादा ऊर्जा बहुतेक वेळा गॅमा किरणांच्या रूपाने निघून जाते. बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. गॅमा किरण शरीराबाहेरही येतात.

हे कधी घडेल? त्यासाठी आपण एक खेळ खेळू.

(येथे सभागृहातल्या सर्वांना उभे राहून नाणे उडवायला सांगितले. छाप पडला त्याने खाली बसायचे. आम्ही १२४ जण उभे होतो. पुढच्या प्रत्येक फेरीनंतर उभे राहिलेले असे : ६५, ३१, १४, ८, ३. शेवटच्या तिघांत आमचे गणिताचे सर होते.)

पाहिलेत? पहिल्या फेरीत कोण बसणार, हे कोणालाही सांगता आले नसते. पण साधारण निम्मे बसणार, हे आधीच ठाऊक होते. केंद्रकांचे असेच आहे. निम्मी केंद्रके बदलायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल. आयोडीन-१३१ साठी तो ८ दिवस आहे. तापवा, गोठवा, आम्लात टाका, ८ दिवसांचे ७ होत नाहीत. कारण हे सगळे उपाय इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचतात, केंद्रकाच्या घड्याळाला हात लावू शकत नाहीत. तिथल्या ऊर्जेचा हिशोबच वेगळा. कोळशातला कार्बनचा एक अणू जळून जेवढी ऊर्जा देतो, तिच्या सुमारे पाच कोटीपट ऊर्जा युरेनियमचे एक केंद्रक फुटताना मिळते.

आता हे सगळे माझ्या घरात कसे आले ते सांगते.

माझ्या आईची थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली. औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी आयोडीन-१३१ दिले. ग्रंथी ते आपणहून ओढून घेते आणि बीटा कण तिच्या जास्त काम करणाऱ्या पेशी तिथल्या तिथे कमी करतात. हा उपचार नवा नाही. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये किरणोत्सारी आयोडीन रुग्णाला दिले होते. डॉक्टरांनी आईला कागदावर तारखा घालून दिल्या. अमुक दिवसापर्यंत वेगळे झोपायचे, ताट-वाटी वेगळी, लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून लांब राहायचे. हे योग्यच होते, कारण सुरुवातीला लाळेतून, घामातून आणि विशेषतः लघवीतून थोडे आयोडीन बाहेर येते. आईने एकूण एक सूचना पाळली.

कागदावरची तारीख उलटली, पण लोकांच्या मनातली उलटली नाही. उपचारानंतर ८० दिवसांनी नात्यात एक बारसे होते. आईने बाळासाठी दुपटे शिवले होते. तिला दाराजवळ खुर्ची दिली गेली. बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरले, तिच्याजवळ आणले नाही. कोणी वाईट बोलले नाही. ‘उगाच कशाला धोका,’ एवढेच. आई म्हणाली, ‘असू दे.’

त्या खोलीत पाच-सहा पदवीधर होते. ८० दिवस म्हणजे दहा अर्धायुकाल. दोनने दहा वेळा भागायचे, १०२४ मधला १ भाग उरतो. शिवाय बरेचसे आयोडीन पहिल्या काही दिवसांतच शरीराबाहेर गेलेले असते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. हे गणित सातवीतला मुलगा करील. मी मावशीला बाजूला घेऊन कागदावर ते करून दाखवले. तिने शांतपणे ऐकले. बाळ त्या दिवशी आईकडे आले नाही. आठवड्याने मावशी स्वतः त्याला घेऊन घरी आली.

भीती खोटी असते, असे मी म्हणत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा हेच आयोडीन-१३१ गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यात गेले. पुढे हजारो मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. द्रव्य तेच, पण मात्रा, वय आणि वाट वेगळी. दुसरीकडे, आपल्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम-४० आहे. मोठ्या माणसात दर सेकंदाला त्याची सुमारे चार हजार केंद्रके बदलत असतात. मी बोलतेय तेव्हाही.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. किरण अंगावर पडणे वेगळे आणि किरणोत्सारी द्रव्य अंगात असणे वेगळे. एक्स-रे काढलेला माणूस दिव्यासमोर उभा राहून आलेल्या माणसासारखा असतो, तो स्वतः दिवा होत नाही. लासलगावच्या केंद्रात २००२ पासून कांद्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. तो कांदाही किरणोत्सारी होत नाही.

म्हणून मुलांनो, ‘रेडिएशन’ हा शब्द ऐकलात की घाबरण्याआधी चार प्रश्न विचारा. द्रव्य कोणते? किती? अर्धायुकाल केवढा? आणि आपण किती अंतरावर, किती वेळ? अंतर दुप्पट केले, तर लहान उगमापासून येणारे किरण एक चतुर्थांश होतात, हेही विसरू नका. उत्तर कधी ‘लांब राहा’ असे येईल, तेव्हा लांब राहा. कधी ‘आता जवळ जा’ असे येईल, तेव्हा शेजारी जाऊन बसा.

विज्ञानाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, अर्धायुकालाचा आलेख तुम्ही आमच्याकडून फळ्यावर काढून घेतला होता. तेव्हा तो आम्हाला चार गुणांचा वाटला होता. यंदाच्या मुलांकडूनही तो काढून घेतला जावा, एवढी विनंती करते आणि थांबते.